दुसरी हजेरी

त्या जूनमध्ये चौथीचा वर्ग माझ्या तळहातावर भरला.
तेवीस चौकटी, त्यातल्या सोळा काळ्या.
आमच्या गावात रेंज येते सातेरीच्या देवळामागे,
चिऱ्यांच्या खाणीच्या काठाला,
आणि पावसात तिथे मुलांना मीच जाऊ देत नव्हते.

सांग्याहून परिपत्रक आले: पालकांचा सहभाग वाढवावा.
रिकाम्या वर्गात मी तो शब्द फळ्यावर लिहून पाहिला.
खडू सर्दावलेला. 'स' उमटलाच नाही.

मग कपाटातून एक कोरे हजेरीपुस्तक काढले
आणि पहिल्या रकान्यात मुलांऐवजी
आईबापांची नावे घातली.

पहिला आठवडा मी चुकले.
फोन लावायचे आणि म्हणायचे,
गृहपाठ आला नाही, लक्ष आहे ना तुमचं?
प्रेमावती नायक, पणजीच्या हॉटेलात चादरी धुणारी,
हॉटेल बंद पडल्यापासून घरी,
एकदा थकून म्हणाली,
"टीचर, तुमचो फोन आयलो काय
बँकेचो हप्तो मागपाक आयल्यासारको दिसता."
त्या दिवशी पुढचे फोन मी केले नाहीत.

नंतर मागायचेच सोडले. विचारायला लागले.
बाबुसोला विचारले, भट्टीवर
किती डबे रसाची किती हुराक उतरते?
तिसरीत शाळा सोडलेला हा माणूस
लेकीच्या दाखल्याच्या दिवशीही
फाटकाबाहेर स्कूटरवर बसून राहिला होता.
रात्री साडेदहाला त्याचा आवाज आला, सात मिनिटांचा,
मागे बेडूक, कुत्रे, आणि मध्येच लेकीला दटावणे:
"उरता तें सोडूंक ना, बाजूक बरय."
बाकी. तो तिला बाकी शिकवत होता.
पुस्तकातले लाडू आणि ते वाटून घेणारी मुले
मी त्या वर्षी वापरलीच नाहीत.

दोघातिघांनी मला ब्लॉक केले, तेही लिहून ठेवते.
एकाने विचारले, पगार तुम्हाला, शिकवायचं आम्ही?
त्याला द्यायला उत्तर माझ्याकडे अजून नाही.

नदीपलीकडच्या घरांना फोनच नव्हते.
त्यांचे कागद जुझे पदेर नेई,
पोयांच्या टोपलीत, प्लास्टिकखाली;
परत येत तेव्हा त्यांना कोंड्याचा वास असे.
शेवंती गावकरकडून मात्र काहीच परत येत नसे.
तिच्या ओळीत मी गैरहजेरीचा ग लिहीत गेले,
ग, ग, ग,
पुढे पुढे हात आपोआप लिही.

शाळा उघडली त्या सकाळी ती आली,
पदराखाली करवंटी धरून.
माझ्या टेबलावर उपडी केली:
चिंचोके.
"रातीं ती म्हाका वाचून दाखयता.
वाचून जालें की हांव एक घालतां.
म्हाका अक्षर कळना,
पूण खंय अडखळ्ळी तें कळटा."

आम्ही दोघी मोजायला बसलो, दहा-दहाचे ढीग.
दोनशे चौदा.
त्यातले सहा किडके मी बाजूला सारले,
तिने ते परत ढिगात ओढले.
"ते दीस तिका ताप आशिल्लो. अर्दोच धडो."

हजेरीपुस्तक उघडेच होते.
मी मिटायच्या आत तिने ओळ शोधली,
लेकीने कधीतरी दाखवलेल्या नावावरून असेल,
आणि त्यापुढच्या रांगेवर बोट ठेवले.
"हें किदें बरयलां, टीचर? सगळीं एकसारकीं?"

खोडरबर शाईवर चालत नाही.
मी म्हटले, ग.
गावकरमधला ग.

ती खुर्ची पुढे ओढून बसली
आणि पहिल्या ग वरून बोट फिरवू लागली,
मग दुसऱ्यावरून.