हवेची गादी

गोळीबार चौकातून आत वळलं
की स्कूटी हातानंच ढकलावी लागते.
तांडापेठेतली गल्ली, मे महिना,
खिडक्यांना टांगलेले कुलर ठिबकतायत,
खालचं पाणी चुकवत मी निमज्यांच्या दाराशी.

पिशवीत गॉज, सलाइनची बाटली,
खलबत्त्यात कुटून आणलेल्या गोळ्यांची पूड.
जखमेवर भुरभुरली की वास मरतो,
हे मी घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगते.
वासाबद्दल कुणी स्वतःहून बोलत नाही,
नुसते दाराशी बसू लागतात.

मुकुंदा निमजे, वय एकाहत्तर, डावा गाल.
खर्रा किती वर्षं, या रकान्यात
त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं:
माग होता तोवर, आणि नव्हता तोवर.

बोलणं फेब्रुवारीतच थांबलेलं.
उशाशी नातवाची पाटी.
मी विचारते, दुखणं शून्य ते दहा, आज किती?
किलोवर लुगडं मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावं
तसे ते माझ्याकडे पाहतात.
मग पेन्सिल करकरते:
ताना आवळलाय. डावीकडून.

मी रजिस्टरात आठ लिहिते.
डॉक्टरांना फोन. मॉर्फिन अर्धी गोळी वाढवा.
दुसऱ्या दिवशी पाटीवर: सैल.
खाली बारीक अक्षरात:
पण फार सैल नको.
गिरजा जवळ आली तर कळलं पाहिजे.

फुकट त्यांना चालत नव्हतं.
दर खेपेला चहाच्या बशीखाली दहाची नोट.
आमची संस्था पैसे घेत नाही हो, काका.
पाटी: मजुरी आहे.
शेवटी मी पावतीपुस्तकच नेऊ लागले,
अक्षरी रुपये दहा फक्त,
आणि ते प्रत्येक पावती
रेशनकार्डात घालून ठेवू लागले.

गादी आमच्याकडची. निळी, फुग्याफुग्यांची,
पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून
रात्रभर एक ओळ फुगते, एक बसते,
आणि पंप घरघरत राहतो.
मला वाटलं, आवाजाचा त्रास होत असेल.
गिरजाबाई म्हणाल्या,
‘मोहल्ल्यातले माग भंगारात गेले ना बाई,
तवापासून यायले झोप नव्हती.
हे घरघर सुरू झाली, अन् झोपले.’

ते गेले तेव्हा मी तिथं नव्हते.
जरीपटक्यात एका आजींची नळी बदलत होते,
फोन पिशवीत, आवाज बंद.
चार मिस्ड कॉल.
एवढंच.

तेराव्यानंतर गेले.
उरलेल्या गोळ्या एका डबीत, मोजून: चौदा.
दोनदा त्यांनी मोजलेल्या,
तिसऱ्यांदा बुटीबोरीहून आलेल्या मुलाकडून.
माझी सही, त्यांचा अंगठा.
पाटी कुठं दिसली नाही. मीही विचारलं नाही.

मग गादी.
झडप उघडली, आणि आम्ही दोघी गुडघ्यांवर,
पायांकडून उशाकडे
दाबत, गुंडाळत, पुन्हा दाबत.
हवा निघायला वेळ लागतो.
बोलायला काही नसतं तेव्हा ते बरंच असतं.

‘आता कोनाले?’

नाव सांगायची परवानगी नाही.
म्हटलं, आहेत एक. सदरकडचे.

पंपाची वायर त्यांनी वेटोळं करून
लुगड्याच्या काठाच्या चिंधीनं बांधली,
गाठ ओढून पाहिली.

‘त्यायले सांगजा,
पयल्या दोन राती डोलल्यासारखं होते,
भेव वाटते. घाबरू नोका म्हना.
तिसऱ्या रातीपासून डोळा लागते.
अन् चादर सुतीच टाकजा.
पालिस्टरवर मानूस घसरते.’