परत आलेले : १

साल्मेला फक्त आकडा हवा होता.
"किती येतात तेवढं सांग. कोण येतं ते नको,
ते विचारायचे दिवस गेले," म्हणाली
आणि कॉफीचं भांडं माझ्या लॅपटॉपला खेटून ठेवलं.

हिउमा बेट. नोव्हेंबर. दुपारी चारलाच अंधार.
मी वाचनालयात नोकरीला. पण बेटावर
ज्याला स्वतःचे पासवर्ड लक्षात राहतात
त्याला सगळे वेबसाइटचा डॉक्टर समजतात.
फी : धुरी दिलेले चार मासे, वर्तमानपत्रात बांधून.

साइट तिच्या हातमोज्यांची.
एकेका गावाची एकेक वीण, नंबर घालून.
मी सात ओळींचा कोड काढला,
पानाच्या डोक्यात नेऊन चिकटवला.
"एवढंच? टाका घालण्याइतकंच?"
एवढंच. पण त्याआधी विचारावं लागतं.
कुणाची पावलं चोरून मोजायची नाहीत,
निदान कायद्यात तसं लिहिलंय.
म्हणून दारातच पाटी : मोजू का?
हो. नाही. दोन बटणं, एकाच मापाची.

"आणि नाही म्हणाला तर?"
तर तो येतो, बघतो, जातो,
आणि आपल्या लेखी आलेलाच नसतो.
तिने चष्मा पुसला. "असे पुष्कळ आहेत माझ्याकडे."

पहिल्या आठवड्यात एकेचाळीस!
त्यातले अठ्ठावीस आम्ही दोघंच :
मी तपासायला, ती आकडा वाढला का बघायला,
आणि बघितल्यामुळे वाढलेला आकडा
पुन्हा एकदा बघायला.
आमचे दोघांचे पत्ते मी गाळून टाकले.
उरले तेरा. ती रुसली.
चाराचे तीन मासे झाले.

तेरातली पाच तर माणसंच नव्हती,
कुठल्याशा गोदामातली यंत्रं, शून्य सेकंद थांबलेली.
"दार वाजवून पळणारी पोरं," ती म्हणाली.
एक ओसाकाहून. एक विनिपेगहून, चुकून आल्यासारखा.
बाकीचे सगळे कॅइनाहून.
सगळे म्हणजे एकच. परत परत.

कॅइना. बसने अर्धा तास.
फोन जुना, काच तडकली असेल तर ते आकड्यात येत नाही.
पहाटे पाचच्या सुमारास. एकच पान, नंबर सतरा,
काळी-पांढरी वीण, मनगटाशी लाल ओळ.
थांबला : चौदा मिनिटं.
पुन्हा चौदा.
एकदा एकवीस.

मी म्हटलं, गाव चुकीचंही असेल,
ही यंत्रं अंदाजपंचे बोलतात,
आणि नाव तर कळत नाही, कळूही नये.
ती ऐकत नव्हती.
"सतरा नंबर बाबांचे. जाळं ओढताना घालायचे ते.
आणि पाचला उठणारे आमच्या घरात तिघंच.
आता दोघं."

एंडेल. धाकटा.
होडीचं इंजिन कुणी विकलं यावरून
एकोणीस वर्षं.
नाताळच्या कार्डाला नाही.
आईला पुरून आल्यावरच्या जेवणाला नाही.
दवाखान्यात समोरासमोर बाक, तरी नाही.

मग तिनेच विचारलं, हळू,
कुणी झोपलेलं असावं तसं :
"पण दिसतोय म्हणजे... त्या पाटीवर त्याने..."

हो. हो म्हणाला असणार.
नाहीतर दिसला नसता.

ती उठली. चुलीत लाकूड सारलं,
आधीच पुरेसं होतं.
फोन नंबर टाकू का तिथे, मी विचारलं, ठळक?
"नको. बिचकेल."
बऱ्याच वेळाने सतराव्या पानासाठी
तिने एक ओळ सांगितली, मी टाइप केली :
डावा अंगठा दोन टाके सैल विणावा.
बाबांचा दोरात सापडला होता, त्या थंडीत.

ओसाकाच्या बाईला याचा काय उपयोग, मी विचारलं नाही.

आता ती आकडा मागत नाही.
शुक्रवारी वाचनालयाच्या काचेबाहेर येऊन उभी राहते,
टोपीवर बर्फ असलं तरी आत येत नाही.
मी आतून मान हलवतो.
ती जाते.