दोन्ही पाय टेकतात

शोरूममधल्या पोरानं आधी मायलेज सांगितलं,
मग हप्ता, मग टाकीत किती लिटर बसतं ते.
मी म्हणालो, जरा बसून बघू?
बसलो.
दोन्ही पाय टेकले. टाचांसकट.
तिथंच व्यवहार झाला म्हणा,
सह्या काय, नंतर होतच राहिल्या.

उंची माझी पाच फूट दोन इंच.
उद्यमबागेत एकवीस वर्षं
पायाखाली लाकडी फळी घेऊन लेथवर उभा आहे.
एकदा मालकांनी त्यांची ती मोठी गाडी
गॅरेजला पोचवायला दिलेली.
दुसऱ्या गेटला फाटक पडलं
आणि डाव्या पायाच्या अंगठ्यावर तोलत
मी मालगाडीचे सगळे डबे मोजले.
छप्पन्न.
मागं मालक रिक्षात बसून बघत होते,
माझ्याकडं नाही, गाडीकडं.

ही तशी नाही.
गोल दिवा, गोल आरसे, तारांची चाकं,
सीटवर आडवे टाके, गादीवाल्यानं घालावेत तसे.
रंग कुंद्याचा,
जरा जास्तच आटलेल्या.
प्रेमानं हळदकुंकू लावलं, लिंबू ठेवलं चाकाखाली
आणि म्हणाली,
'पैसे नवीचे दिलासा, आणि आणलासा ही जुनी?'
शेजारचा भावकाण्णा दोन वेळा फेरी मारून गेला,
तिसऱ्यांदा विचारलंच, कुणाची होती आधी?

मला ठाऊक आहे आत काय आहे.
आत तेच सव्वाशेचं इंजिन
जे दूधवाल्या परशरामच्या गाडीत
चार कॅन लटकवून कुद्रेमनीहून येतं.
म्हातारपण फक्त वरच्या पत्र्याचं,
तेसुद्धा साच्यातून काढलेलं, तीन पाळ्यांत.
साचे, पाळ्या, मला कुणी शिकवू नये.
रोज तीनशे रॉकर आर्म माझ्या हाताखालून जातात,
खोक्यात भरतात, पट्टी मारतात,
कुठं जातात कुणी सांगत नाही.
एखादा हिच्या पोटात असेल.
पहिल्या रात्री स्टँडवर लावून
मी इंजिनाला कान लावला.
टिक्. टिक्. थंड होत होतं.
ओळख काही दिली नाही.

बाचीच्या पुढं, हद्दीच्या अलीकडं,
पोलिसानं हात केला.
कागद बघायच्या आधी दिव्याभोवती बोट फिरवलं.
'हळेदो, होसदो?'
जुनी का नवी.
होसदु री, म्हणालो, मागच्याच महिन्यातली.
केए बावीस, नंबरप्लेटवरचा प्लास्टिकचा कागदही अजून निघाला नव्हता.
तो हसला. बैलहोंगलचा निघाला.
कानडीतच सांगत राहिला, त्याच्या अप्पांकडं अशीच होती,
टाकीवर पुढं याला बसवायचे,
उन्हात टाकी तापायची, मांड्या भाजायच्या,
तरी हा उतरायचा नाही.
मग म्हणाला, बसू का?
बसला. गडी सहा फुटांचा,
गुडघे दोन्हीकडं बाहेर, टोळासारखे.
किल्ली माझ्याकडंच होती
तरी हँडल हलवत बसला जरा वेळ.
मागं ऊसाचा ट्रॅक्टर हॉर्न देत होता.

निघालो तेव्हा वाटलं, त्याला सांगायला हवं होतं
की आमच्या अण्णांकडं कसलीच नव्हती.
शहापुरात मागावर जायचे चालत,
यायचे चालत.
मला टाकीवर कुणी बसवलं नाही.
मग हा दिवा बघून पोटात जे होतं
ते कुणाचं?
अठ्ठेचाळीस हप्त्यांवर
दुसऱ्याच्या अप्पांची आठवण घेतली काय मी?
असू दे. पाच फिटले.

परवा दुसऱ्या गेटला परत फाटक पडलं.
बाजूला मालक, त्यांच्या त्या मोठ्या गाडीवर, धडधडत.
'काय रे, खेळणं घेतलंस?'
होय की, म्हणालो.
टाचा टेकल्या, हात मांडीवर घेतले.
इंजिन बंद केलं.
तेवढंच पेट्रोल.