हडसन, १९५१

गहू एकदाच असा आला,
आणि मायलोनं ट्रॅक्टर न घेता ही आणली.
"गारांच्या मुलुखात बिनछपराची गाडी!"
बाप महिनाभर जेवताना एवढंच बोलला.

मायलो कोरियाला गेला.
परत आली पेटी, घड्याळ,
डाव्या हाताचा एक मोजा.
आईनं कोठाराला कुलूप घातलं.
पुढे कुलूप गंजलं, फळ्या निखळल्या,
मागच्या सीटवर कोंबड्यांनी
पिढ्यान्‌पिढ्या संसार केले.

हे मला लूमिर कुचेरानं सांगितलं,
नेब्रास्कात, त्याच्या शेडमध्ये,
पान्यानं हवेत आकृत्या काढत.
चार वर्षं लागली.
उंदरांनी खाल्लेल्या वायरी,
ओहायोत सापडलेला कार्ब्युरेटर,
शिटेचे थर खरवडल्यावर
केसांची एक पिन, घरातल्या कुणाची नव्हे.
डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला, ऊन न लागलेला,
मूळचा रंग:
कोवळ्या मक्याच्या पातीचा.

ओपलला आणलं. मायलोची बहीण, वय एकोणनव्वद.
रडेल म्हणून लूमिरनं
धुतलेला रुमाल खिशात ठेवला होता.
ती म्हणाली, "आरसा चुकलाय."
आणि थरथरत्या हातानं वळवला,
इतका, की मागचा रस्ता गेला
आणि शेजारची रिकामी सीट आली.
"अर्मा बसली की असा असायचा.
मागे मी होते ना, चौदा वर्षांची.
मी कुणालाच दिसायची नाही."

लूमिर तस्साच निघाला हायवेवर, छप्पर उघडं.
मक्याचा एक ट्रक
मागून कधीचा हॉर्न वाजवतोय.