सात नंबरचा थांबा

भाऊ फोन करतो तो रात्री अकरानंतर.
कशी आहेस वगैरे नाही. म्हणतो,
"सिर्का, माझा गवंडी बकरीसाठी रडतोय."

त्याचा खेळ जमिनीखालचा.
बत्तीस माणसं, एक खाण, अंधारात पिकणारी अळंबी,
आणि ज्याचा त्याचा स्वभाव.
बकरी मेली, गवंड्याने दारावर बकरी कोरली.
नियम असा की कोरीवकाम दिसलं की थांबून बघायचं,
आणि कोरणाऱ्याला वाटलं त्यातलं थोडं
बघणाऱ्यालाही वाटायचं.
दार नेमकं मुदपाकखान्याचं.
आठवड्यात अख्खी वसाहत सुतकात,
ती बकरी जन्मात न पाहिलेलेसुद्धा.
चूल थंड.
आणि गवंडी, मन हलकं करायला,
पुढचं दार कोरायला घेतोय.

"हे लिहिलं कुणी?"
"कुणीच नाही. तीच गंमत."
गंमत हा शब्द तायस्तो वर्षातून दोनदा वापरतो.

माझं शहर जमिनीवर. त्याच्या मते मिळमिळीत :
ट्राम, कर, सांडपाणी.
माणसांना चेहरे नाहीत, डोक्यावर नुसता ठिपका,
सुखात असली की हिरवा.
सात नंबरची ट्राम तोट्यात होती, मी बंद केली.
शेवटचा थांबा पाडायचा राहून गेला.
दमलेला माणूस बाक दिसला की बसतो.
बसलेला दिसला की दुसऱ्याला वाटतं, ट्राम येतेय.
एवढ्यावर
दोनशे माणसं बर्फात उभी
आणि एकूण एक ठिपका हिरवा.
सुखाच्या हिशेबात सोबत धरतात म्हणे,
ट्राम धरत नाहीत.

"पाड तो थांबा. कामं कोण करणार?"
"तू दारं बदल आधी."
"तुझ्याकडे माणसं नाहीत, गर्दी आहे."
"तुझ्याकडे माणसं इतकी आहेत की जेवण नाही."
असं तासभर.
मग दोघंही काही न बदलता झोपतो.

कागदाची गिरणी बंद पडून तीन हिवाळे झाले.
परवा वहिनीचा फोन. मेर्वी सहसा करत नाही.
म्हणाली, पावणेसहाला हा अजून गाडी काढतो,
थर्मास घेतो, गिरणीच्या फाटकाशी जाऊन बसतो.
काच खाली करत नाही.
शेजारी ओन्नीची गाडी, पलीकडे कल्लेर्वोची,
एक तर शेजारच्या गावाहून येते.
मंगळवारी नऊ होत्या.
उतरत कुणीच नाही.
साताला एकाचे दिवे लागतात,
मग सगळे एकामागून एक वळतात घराकडे.
"ठरवलं कुणी हे?" ती विचारत होती.
चिडलेली नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, उद्या बोलू.

बाहेर अजून काळोखच होता, इथे दहाशिवाय उजाडत नाही.
खेळ उघडला, थांब्यापाशी गेले.
दोनशे छत्तीस.
एक दिवा बसवला, बाकाच्या डाव्या अंगाला.
शहराचा तोटा
महिन्याला चार नाण्यांनी वाढला.