लांब वस्तू

बस्त्याव फर्नांडिसची फळी मालवणहून आली
आंब्याच्या टेम्पोत, पेट्यांवर आडवी,
घोंगडीत गुंडाळलेली.
साडेनऊ फूट. नाकाशी मूठभर फुटलेली.
अंबडला आम्ही फायबरच्या टाक्या करतो,
ट्रकचे बंपर, कधी एखादं मखर;
समुद्र आमच्या शेडमध्ये पहिल्यांदाच आला.

फोनवर विचारलं, कशाने फुटली?
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
मग म्हणाला, माणसाला लागली.
समोर लाट फुटली, मी फळी सोडली न् बुडी मारली.
मागे कोण आहे ते बघायचं राहिलं.
आणि तो माणूस?
बरा आहे. टाके पडले.
अजून बोलत नाही माझ्याशी.

मी घासली, मॅट बसवली, रेझिन भरलं,
आणि रविवारी गंगापूर धरणावर नेली,
पाणी शिरतंय का बघायला.
कमरेइतक्या पाण्यात मी.
मागे दौलत, शेडमधला पोऱ्या,
गारठ्याने खांदे आवळून हसत उभा.
दूर बोट क्लबची स्पीडबोट वळली
आणि तिची लाट आली. लाट कसली,
बस्त्यावने तिला लाट म्हटलंही नसतं.
तरी माझे हात आपोआप सुटले.

घोट्याला बांधलेली दोरी नऊ फूट,
पुढे फळी साडेनऊ.
हे गणित मी कधी केलं नव्हतं :
माझ्यामागे अठरा फूट
मीच असते.
दौलत चौदावर होता.
फळी त्याच्या कानाजवळून गेली.
तो अजून हसत होता,
हसू थांबायला वेळ लागतो.

अण्णा सायकलला वीस फुटी पाइप बांधून
भद्रकालीतून पंचवटीत न्यायचे, चालत.
मागच्या टोकाला लाल चिंधी,
आणि चिंधीमागे मी, दुसरीतली.
वळण आलं की ओरडायचं, ओ काका, सरका!
होळकर पुलावर मला वाटायचं
माझीच मिरवणूक चाललीय.
अण्णा एकदाही मागे बघायचे नाहीत.
त्यांनी डोळे माझ्याकडे दिले होते,
आणि मला ते कळलं धरणात,
पस्तिसाव्या वर्षी, ओठ निळे पडल्यावर.

दौलतला म्हटलं, बाजूला ये, मागे नको.
पुन्हा बोट वळली.
आधी मागे पाहिलं. मग पुढे.
दोन्ही कडा धरल्या, फळीला मिठी मारली
आणि तिच्यासकट पाण्याखाली गेले.
नाकात पाणी गेलं, दंडात कळ आली.
वर आले तेव्हा फळी हातातच होती.
एवढंच.

सोमवारी शेपटाशी एक लाल चिंधी ठेवली,
बोटभर, वरून रेझिनचा हात.
बिलात धरली नाही.

आठवड्याने बस्त्यावचा फोन :
मागे लाल काय दिसतंय?
म्हटलं, ज्याला टाके पडले
त्याला दाखव.
तो ओळखेल.