रात्रपाळी

दाढेवरचं किटण काचेवर घेऊन
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघा सायन्ना.
वाकलो.
काड्या, मणी, मण्यांच्या माळा,
एकमेकांना धरून सगळे वळवळत.
तुम्ही झोपता, थुंकी आटते,
मग यांची पाळी सुरू. चहातली साखर खातात,
आंबट सोडतात, त्यानं दात विरतो.

विरतो म्हणाल्या. कापडासारखा.

सोलापूरच्या पूर्व भागात चाळीस वर्षं चादरी विणल्या मी,
तोंडात कोण विणतंय
विचारलंच नाही कधी.
सहा महिने कडक भाकरी आमटीत बुडवून खातोय,
शेंगाचटणी डावीकडनं.
राजव्वाला वाटतं, वय झालं.

आ करा.
यंत्र खरवडायला लागलं.
मी डोळे मिटले.
विणलेलं उसवताना
बघवत नाही मला,
कुणाचंही असो.